साडेतीन वितींची जागा

माय,

काल सुनेनं स्वयंपाकघर मोजलं. रविवार होता. सकाळची वंदना आटोपली होती, मूर्तीपुढची मेणबत्ती अजून जळत होती, आणि ती हातात टेप घेऊन मागच्या भिंतीपाशी उकिडवी बसली होती. आमचा फ्रिज आता थकला आहे, दूध सकाळपर्यंत टिकत नाही, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. मुलाला मोठाच हवा, कपाटासारखी दोन दारं दोन बाजूंना उघडतात तसा. फोनवर त्याचं चित्र काढून घरभर दाखवत फिरतो. सून म्हणाली, "चित्र काय दाखवून राह्यले, आधी घर मोजू. मागल्या गल्लीतल्या काकूची वॉशिंग मशीन दारातच अडकली होती, चौकट काढा लागली." तिनं आधी बाहेरचं दार मोजलं, मग आतलं, मग दोन्हींमधलं वळण, मग प्लग जमिनीपासून किती उंच आहे तेही. पोरगी शहाणी आहे. शेवटी म्हणाली, "आई, टेपचं हे टोक कोपऱ्यात दाबून धरता का जरा?" मी धरलं. ते पत्र्याचं वाकडं टोक भिंतीला दाबलं आणि ते दोनदा माझ्या हातून निसटलं. तिला वाटलं वय झालं. "राहू द्या आई, मी खिळा लावतो," म्हणाली. मी म्हटलं, "नाई, धरतो मी." पण माझ्या हाताच्या जागी मला तुझा हात दिसत होता.

म्हणून लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू होतीस तेव्हाही माझं पत्र शाळेतल्या एखाद्या पोरीकडून वाचून घ्यायचीस आणि मग ती पोरगी गावभर सांगायची की मी काय लिहिलं. हे पत्र कोणी वाचून दाखवावं असं नाही.

तू सगळं वितीनं मोजायचीस. पोलक्याचं कापड, चुलीची उंची, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, माझी वेणीसुद्धा. अंगठा टेकवायचीस, करंगळी ताणायचीस, मग अंगठा उचलून करंगळीपाशी आणायचीस. तुझा हात लहान होता, वीत इतर बायांपेक्षा जराशी तोकडी. त्यावरून बाया चिडवायच्या, "हिच्याकडून कापड मोजून घेऊ नोका, लुगड्याचं पोलकं होईन." तू हसायचीस. आणि मोजून झालं की दर वेळी त्यावर चार बोटं आडवी ठेवायचीस, "हे वरचं," म्हणून. मला ती चार बोटं लहानपणी अडाणीपणाची वाटायची. एकदा मोजलं तर मोजलं, वर आणखी बोटं कशाला?

त्याचं उत्तर तू मला रोवणीत दिलं होतंस. मी आठवीत असेन. मूल गावाच्या पुढं ज्या बांधीत तू धान रोवायला जायचीस तिथं मला घेऊन गेलीस. पाऊस होता, पाठ मोडत होती, आणि लवकर संपावं म्हणून मी रोपं जवळजवळ खुपसत गेले. माझी ओळ सगळ्यांच्या पुढं निघाली. मला वाटलं तू शाबासकी देशील. तू मागून आलीस, माझी अख्खी ओळ उपटलीस आणि जुडी माझ्या हातात ठेवलीस. वीस बाया पाहत होत्या. "काऊन कोंदून राह्यली व? धानाले दम घ्याले जागा नोको का? वीतभर सोड. कोंदलं का पिवळं पडते, मग रडजो लोंबीपाशी." एक बाई म्हणाली, "जाऊ दे न व, लेकरू आहे." तू म्हणालीस, "लेकरू आहे म्हणूनच सांगून राह्यलो. मोठी झाल्यावर कोण सांगन तिले?" मी चिखलात उभी राहून रडले आणि सगळी ओळ पुन्हा लावली, तुझ्या वितीवर वीत ठेवून. त्या रागात मी ठरवलं होतं की मी शिकणार आणि वितीनं कधी काही मोजणार नाही.

शिकले ते दहावीपर्यंत. निकाल लागला त्या आठवड्यात तू मूलच्या बाजारातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही आणलीस. दुकानदाराला काय म्हणाली असशील कोण जाणे, त्यानं किराणा दुकानात ठेवतात तसली वही दिली होती. तू ती पदरानं पुसून माझ्यापुढं ठेवलीस. "तुले लिहिता येते आता. जे खरं आहे ते लिहीत जाजो. मले वाचता येत नाई तरी तुह्या तोंडावरून समजन." तेव्हापासून माझ्याकडं वही आहे. एक संपली की दुसरी. घरात लोक हसतात, पण कुठल्या साली दिव्याची वात घेतली तेही मला सांगता येतं. वहीत मी आजवर एक ओळ खोटी लिहिली नाही. हे मी मोठेपणानं सांगत नाही माय, पुढं कळेल.

बाबा गेले, तुझे गुडघे गेले, चिखलात उभं राहवेना. भावाचं घर तेव्हा अर्धंच बांधलेलं होतं, म्हणून तू माजरीला आमच्याकडं आलीस. खाणीच्या कॉलनीतलं क्वार्टर, एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढं व्हरांडा. दोन लेकरं, आम्ही दोघं. तू आल्याआल्या म्हणालीस, "मले सैपाकखोली देऊन दे. मी पहाटे उठतो, कोणाची झोप मोडाची नाई." खिडकीखाली तुझी चटई, त्यावर वाकळ, उशाशी लुगड्याचं गाठोडं. दिवसा सगळं गुंडाळून कोपऱ्यात उभं करायचीस, की कोणाला कळू नये इथं माणूस झोपतं. मी उठायच्या आधी तांदूळ निवडलेले असायचे, भाताचा माड गाळून बाजूला ठेवलेला असायचा. लेकरांना शाळेत पोचवायला तू लंगडत जायचीस आणि वाटेत सगळ्या कॉलनीशी बोलायचीस. तुझा आवाज मोठा. बांधीच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय, ती व्हरांड्यात कशी मावणार? "काऊन व बाई, आज भाजी काय केली?" असं तू रस्त्यापलीकडच्या मॅडमला विचारायचीस. ती खिडकी लावून घ्यायची. तू म्हणायचीस, "ऐकू नाई आलं वाटते," आणि आणखी जोरात विचारायचीस.

मला लाज वाटायची. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुझ्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची, तुझ्या गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याची, तुझ्या "मले-तुले"ची, जी माझ्या तोंडातही आहे आणि जी मी कॉलनीत दाबून ठेवायचे. चैत्रात भावाकडून तू मोहफुलं मागवलीस. व्हरांड्यात जुन्या साडीवर वाळत घातलीस, लेकरांना भाजून तिळासोबत कुटून द्यायची म्हणून. सगळ्या लाइनीत वास गेला. शेजारच्या भाभीनं कुंपणावरून विचारलं, "भाभी, क्या बात है, भट्टी लगा रही हो क्या?" बाकीच्या बाया हसल्या. आपलं घर कसलं, माय? दारूचं नाव निघालं की बाबा ताटावरून उठायचे. पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून विहारात जाणारी, आणि मला विचारतात भट्टी लावतेस का. मी आत आले आणि तुझ्यावर ओरडले. "फेकून दे ते सगळं! लोक काय म्हणतात माहीत आहे का तुला?" तू साडीची चारी टोकं गोळा केलीस. "लोकायनं खाल्लं नाई म्हणून म्हणतात," एवढंच म्हणालीस. फुलं फेकली नाहीत, गाठोड्यात बांधून ठेवलीस. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फ्रिज घ्यायचं ठरलं. आपल्याकडचं ऊन तुला काय सांगू, दुपारी नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं, वरण संध्याकाळपर्यंत आंबायचं. मी तीन वर्षं पै पै बाजूला काढली होती. दुकानात जाऊन मी एका दाराचा फ्रिज पसंत केला, लाल रंगाचा, रुंदी बावीस इंच. दुकानदार म्हणाला, "बाई, आधी घर मोजून या. मागं-बाजूला थोडी जागा राहू द्या, गरम होते ते." तुझ्या जावयांनी वर्कशॉपमधून टेप आणून ठेवली आणि ते पहिल्या पाळीला गेले. आणि त्याच सकाळी तू ते केलंस.

तू शेजारच्या भाभीकडं गेलीस. तिच्या घरी फ्रिज होता. तू तिला काय सांगितलंस मला माहीत नाही, पण तू तिच्या स्वयंपाकघरात शिरून तिच्या फ्रिजला खालून वरून, डावीउजवीकडून विती लावल्यास. तासाभरानं भाभी कुंपणाशी आली, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "भाभी, आपकी माताजी हमारा फ्रिज हाथ से नाप गयीं! हम तो समझे पूजा कर रही हैं!" मागं आणखी दोघी उभ्या होत्या. मी हसले. हसताना माझे कान तापले होते. घरात आले तर तू भिंतीपाशी बसलेली, चेहरा अगदी उजळलेला, जसा रोवणी संपल्यावर व्हायचा. "पाय न बाई, मी सारं मोजून आलो. पावणेतीन विती भरते ते. वरचे चार बोटं धर. आन दारापाशी ही जागा पाय, साडेतीन आहे. आरामात बसन. खिडकीखाली ठेवाचं कामच नाई. माही चटई जशी आहे तशी राह्यन."

माझी चटई जशी आहे तशी राहील. तू फ्रिजसाठी नाही, त्यासाठी गेली होतीस. मला तेव्हाही ते कळलं होतं. कळलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, पण कळलं होतं.

दुपारी मी टेप घेतली. लेकरं शाळेत होती. तुला म्हटलं, "हे टोक धर कोपऱ्यात." तू दोन्ही हातांनी धरलंस, जसं काही फार मोठं काम तुला दिलं आहे. मी दाराच्या चौकटीपर्यंत टेप ओढली आणि आकडा पाहिला. टेप पिवळी होती, आकडे काळे, स्वच्छ. पंखा फिरत होता आणि तुझ्या खर्ऱ्याचा वास येत होता. तू तिकडून विचारलंस, "किती भरली, बाई?" आणि मी म्हटलं, "बावीस. बावीसच इंच आहे. फ्रिजच तेवढा आहे, दार उघडणार नाही. खिडकीखालीच ठेवावा लागेल."

टेपवर बावीस नव्हते, माय.

तू टोक सोडलं नाहीस. मग एका हातानं टोक धरून दुसरा हात भिंतीला लावलास, अंगठा टेकवलास, करंगळी ताणली. एक वीत. दुसरी वीत लावायला अंगठा उचललास, माझ्याकडं पाहिलंस. तू म्हणाली होतीस ना, तुह्या तोंडावरून समजन. मी खाली बघून टेप गुंडाळत होते. तू बोटं मिटून घेतलीस. "टेप कशी खोटं बोलन? लोखंडाची वस्तू आहे," म्हणालीस. "माहीच वीत आखडली असन. म्हतारीची वीत, बाई."

तू भांडली असतीस तर मी भांडले असते. मग कदाचित आकडा तोंडातून निघून गेला असता. तू मला बोलायला जागाच ठेवली नाहीस, मला वाचवून मोकळी झालीस.

संध्याकाळी तुझ्या जावयांनी विचारलं, "मग माय कुठी झोपन?" मी म्हटलं, "भावाचं घर झालं आता. त्याचंही काही कर्तव्य आहे की नाही?" ते टेप घेऊन उठले असते तर? उठले नाहीत. मोजणं-मांडणं माझ्याकडं, त्यात माझी चूक होत नाही असा त्यांचा विश्वास. तू आतून म्हणालीस, "मीच म्हणून राह्यली होती जवाईबापू, गावाकडं जातो म्हणून. रोवणीचे दिवस आले. पोट्ट्यायच्या हातानं रोवणं होते का?" चिखलात पाय न टाकू शकणारी बाई रोवणीसाठी गावाला जाते, हे त्यांनी ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं. आणि त्याच संध्याकाळी मी लाल वही काढली आणि कोऱ्या राहिलेल्या शेवटच्या पानावर खरा आकडा लिहिला. तोंडानं खोटं बोलले होते, वहीत लिहवलं नाही. तोंडानं बोललेलं मी कसं पचवलं हे मात्र मला सांगता येत नाही.

बसस्टॉपवर तुझं गाठोडं, चटई आणि मोहफुलांची ती पुरचुंडी. पुरचुंडी तू माझ्या हातात दिलीस. "लेकरायले दे. भाजून देजो, वास नाई येत." गाडी आली, कंडक्टरनं तुला वर ओढलं, तू खिडकीतून डोकं काढून एवढ्या मोठ्यानं ओरडलीस की सगळा स्टॉप वळून पाहायला लागला. "मागं चार बोटं सोडजो वो! भिताडाले चिकटून ठेवू नोको!" मला तेव्हाही लाज वाटली. मी हात हलवला तो तू गप्प बसावंस म्हणून.

चार बोटं मी सोडली नाहीत, कारण खिडकीखाली सोडता येत नव्हती. एका बाजूला ओटा, मागं भिंत. ज्या जागेसाठी तुला घालवलं ती जागा फ्रिजला पुरी नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात मोटार जळाली. मेकॅनिक आला, मागं हात घालायला गेला तर हातच जाईना. "काकू, याले हवाच नाई न. दारापाशी एवढी जागा रिकामी, तिथी काऊन नाई ठेवला?" त्या जागेवर मी एक स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. तोवर तू गेलेली होतीस.

तू भावाकडं सपरीत, पुढच्या उघड्या पडवीत, झोपायचीस. त्याची चूक म्हणून नाही सांगत, तुला सपरीच आवडायची म्हणतात, वारा लागायचा. दुसऱ्या पावसाळ्यात ताप आला. निरोप आला तेव्हा मी निघाले, पोचले तेव्हा तुझे हात छातीवर ठेवलेले होते. बायांनी हात सरळ केले होते, बोटं लांब दिसत होती. वहिनी रडत रडत सांगत होती, "साऱ्या गावाले सांगे माय. माह्या पोरीच्या घरी फिरिज आला, लाल रंगाचा. माहं आन तिचं मोजमाप जुळलं म्हणे, आम्ही दोघीनं मिळून मोजलं." आम्ही दोघींनी मिळून मोजलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. सगळ्यांना वाटलं लेक आहे, रडणारच. तू त्या फ्रिजमधलं पाणी एकदाही प्यायली नव्हतीस.

आता आम्ही भद्रावतीला आहोत. हे निवृत्त झाले, थोडं मागं-पुढं करून घर बांधलं. स्वयंपाकघर मोठं आहे, तुला आवडलं असतं, मागं दार आहे आणि दारातून शेवगा दिसतो. रोज सकाळी वंदनेला बसते, पाच शीलं म्हणते. चौथ्यापाशी, खोटं बोलणार नाही म्हणतो तिथं, माझा आवाज बारीक होतो. घरातल्या कोणाच्या लक्षात आलेलं नाही, बहुतेक म्हाताऱ्या बायका मधेच श्वास घेतात असं त्यांना वाटतं. पाप पुण्यानं वजा होतं असं आपल्यात मानत नाहीत ते बरं आहे. मी वजाबाकी करत बसले असते.

तर काल सून मोजत होती. मागची भिंत, नऊ फूट. मोठा फ्रिज छत्तीस इंचांचा. तिनं तो आकडा मोबाइलमध्ये लिहिला. मला वाटलं झालं. पण ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि पुन्हा टेप लावली. सव्वासहा फूट. तिथं भिंतीवर पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली. उठून उभी राहिली, त्या रेघेकडं पाहिलं, मोठ्या फ्रिजची जागा डोळ्यांनी मोजली, आणि अंगठ्यानं रेघ पुसून टाकली. मोबाइलमध्ये काही लिहिलं नाही. सव्वासहा फूट म्हणजे खाट, माय. तिची आई आरमोरीला एकटी आहे. गेल्या वर्षी तिचे वडील गेले. रोज संध्याकाळी फोन येतो, ती मागच्या दारात उभी राहून हळू बोलते, "जेवली का? कडी लावली का?" मला कधी काही म्हणाली नाही. कशी म्हणेल? सासूच्या घरात आईसाठी जागा कोण मागतं? तू तरी कुठं मागितली होतीस? तू मोजून आलीस, ही मोजून पुसून टाकते.

मी टेपचं टोक धरून होते. गप्प राहिले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. मोठा फ्रिज आला असता, मुलगा खूष झाला असता. आणि खरं सांगते, क्षणभर मनात आलंही, विहीणबाई आल्या तर त्या कशा बोलतील, कशा बसतील, शेजारी काय म्हणतील. इतक्या वर्षांनी, इतक्या वंदना करून, मनात पहिला विचार तोच आला. माझी मलाच शिसारी आली.

जेवताना मी म्हटलं, "मोठा फ्रिज नोको." मुलगा लगेच, "आली! कंजूष कमिटीची मीटिंग बसली!" मी म्हटलं, "लाइटबिल तू भरतोस का? चार माणसांले दोन दाराचं कपाट कायले पाह्यजे? चोवीस इंचाचा पुष्कळ होते." हे हसले, "हायकमांडनं सांगितलं, आता फाइल बंद." सून खाली मान घालून जेवत होती. मी तिच्या ताटात भात वाढला आणि म्हटलं, "उरलेल्या भिंतीले खाट लावू. सव्वासहा फूट आहे, मी पाह्यलं. तुह्या मायले घेऊन ये." तिचा घास हातातच राहिला. "आई, तिचा आवाज लय मोठा आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "असू दे. आन फ्रिजच्या मागं-बाजूले चार बोटं सोडजो."

भांडी आवरताना ती माझ्याजवळ आली. डोळे लाल होते. म्हणाली, "आई, तुमच्या मायबी माजरीले तुमच्यापाशीच होत्या न? हे सांगत होते लहानपणचं. मग शेवटी गावाले काऊन गेल्या?" माझ्या हातात ताट होतं. लाल वही कपाटात होती, दहा पावलांवर. मी ताट पुसत म्हटलं, "तिले गावची ओढ होती." इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले, जीभ आपोआप तिकडंच वळली. ती म्हणाली, "हो न, म्हताऱ्या माणसाले असतेच," आणि निघून गेली.

म्हणजे तिच्या आईला जागा दिली तीही लाइटबिलाच्या आडून, आणि तुझं विचारलं तेव्हा पुन्हा खोटंच. ओढ तुला गावची नव्हती. हे पत्र मी वहीच्या त्या शेवटच्या पानाशी घडी करून ठेवणार आहे. सुनेला सापडलं तर सापडू दे. मी स्वतः तिला देईन असं म्हणत नाही, तेवढं बळ अजून आलेलं नाही.

तुला मात्र सांगते. त्या दुपारी तू कोपऱ्यातून विचारलं होतंस, किती भरली, बाई. अठ्ठावीस भरली होती, माय. तुझी वीत आखडली नव्हती.